घाटाखालून

“मॅडम, हा जुना रस्ता झाकू का?” रेघोट्यांनी विचारलं, आणि हातातल्या अहवालावरची नजर न काढता ती म्हणाली, “झाका.”

रेघोटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कागदावर शाईने रस्ते आखायचे दिवस होते तेव्हापासून ते या नियोजन विभागात नकाशे काढत होते, आणि कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की नवी माणसं ते खरं समजून त्यांना आदराने ‘रेघोटेसाहेब’ म्हणत. आता शाई गेली, पडदा आला. रेघोट्यांनी बोट दाबलं. तिने सहज वर पाहिलं, तर पडद्यावर नव्या आंतरराज्य महामार्गाची लाल, जाड, जवळजवळ सरळ रेघ तेवढी उरली होती. तिच्या आजूबाजूने वळवळत जाणारी बारीक तपकिरी रेघ नाहीशी झाली होती. त्या रेघेवरच्या गावांची नावं मात्र जागच्या जागी होती, दोरी काढून घेतल्यावर कपडे हवेतच लटकत राहावेत तशी. “परत दाखवा जरा,” ती म्हणाली. “आत्ताच तर झाका म्हणालात. साहेबांना नकाशा साफ हवाय, बारीकसारीक काही नको म्हणालेत.” “असू दे. दाखवा.” रेघ परत आली. पण ती आता आधीसारखी वाटेना. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसं तिला त्या रेघेकडे पाहावं लागलं.

त्या रेघेवरून बाबा बस चालवायचे. शाळेला सुट्टी लागली की ती आणि ताई त्यांच्याबरोबर जायच्या. तेव्हाच्या बसचं इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, लोखंडी झाकणाखाली, आणि त्या झाकणावर घोंगडी घालून दोघींना बसवलेलं असायचं. खालून ऊब यायची. आधी बरी वाटायची, मग बसवेनासं व्हायचं, मग पाय बदलायचे. डिझेलचा, तापलेल्या रबराचा, कुणीतरी मागे सोललेल्या संत्र्याचा वास. ताईला गाडी लागायची, म्हणून ती डोळे मिटून संत्र्याची साल चोळलेला अंगठा हुंगत बसे. हिला मात्र एक क्षणही डोळे मिटावेसे वाटत नसत. गाव संपलं की दोन्ही बाजूंच्या झाडांनी रस्ता वरून झाकलेला असे आणि काचेवर उन्हाचे तुकडे पळत. मध्येच रस्त्याकडेला एखादी बाई हात करी. बाबा गाडी थांबवत, बाई औषधाची बाटली किंवा धुतलेल्या कपड्यांचं बोचकं वर देई आणि म्हणे, “पुलापाशी माझा भाऊ उभा असेल, त्याला द्या.” पुलापाशी खरंच तिचा भाऊ उभा असे. बाबा गाडी इतकी जपून चालवत की त्या रस्त्यावर त्यांचं नावच ‘सावकाश’ पडलं होतं. ‘सावकाशची गाडी गेली का?’ असं लोक विचारत. त्यात चेष्टा होती, पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असे ती माणसं दुसऱ्या गाडीत न चढता सावकाशच्या गाडीची वाट बघत थांबत, हेही तिला ठाऊक होतं. आणि मग घाट. घाटातल्या वळणांना दोघी बहिणींनी नावं ठेवली होती. एक घोड्याची नाल, एक नाक, एक कोपर, एक नुसतंच ‘अरे बापरे’. ‘अरे बापरे’ला समोरच्या काचेत रस्ता दिसतच नसे, फक्त आभाळ. मग बाबांचे हात त्या भल्या मोठ्या चाकावर गोल फिरत आणि आभाळ बाजूला सरून पुन्हा डोंगर येई. तेव्हा तिला वाटे, डोंगर बाबांनीच आणला.

आता त्याच घाटाच्या पोटातून बोगदा जाणार होता. तिनेच आखला होता तो. लाल रेघ घाटाच्या पायथ्याशी डोंगरात शिरत होती आणि पलीकडे बाहेर पडत होती, ताईच्या सासरच्या गावाला वळसा घालून, शेतांपलीकडून. गेले कित्येक महिने ती त्या रेघेवर काम करत होती, आणि तिला त्यात आनंदही होता. पण रेघोट्यांच्या त्या एका बोटानंतर तिचं चित्त लागेना. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की ती एकटी बसून दुसराच पर्याय आखू लागली. नवा रस्ता नकोच. जुनाच रुंद करायचा. घाटात डोंगर थोडा कापायचा, वळणं थोडी उलगडायची, गावातून जाताना एका बाजूची घरं-दुकानं घ्यायची. कारणं तिने नीट मांडली. बोगद्याचा धोका टळेल, शेतं वाचतील, गावं रस्त्यावर राहतील. सगळी कारणं खरी होती. फक्त ती लिहिताना तिला आपलं अंग खालून हळूहळू तापतंय असं वाटे, आणि पाय बदलून बसावंसं वाटे. रेघोट्यांच्या ते लक्षात आलं. “मॅडम, दोन्ही डगरींवर पाय ठेवताय,” एवढंच ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच राहत होते. दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या चौकातली रहदारी ऐकत. बघत नसत, ऐकत. “गिअर खरडला,” ते स्वतःशी म्हणत. “आता क्लच जाळणार हा.” त्या दिवशी ती चहाचे कप घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, “बाबा, शनिवारी ताईकडे जाऊ या का? जुन्या रस्त्याने. मला तो रस्ता बघायचाय, कामासाठी.”

“रेल्वेने जाऊ,” बाबा म्हणाले.

“तिकडे रेल्वे कुठे जाते?”

“मग ताईलाच इकडे बोलाव.”

“अहो, तुमचा रस्ता आहे तो! किती वर्षं झाली, गेलाच नाही आहात.”

“माझा कसला? माझ्या कमरेचा म्हण. तिने भरलंय त्याचं भाडं.” मग बराच वेळ ते खालचा आवाज ऐकत राहिले. “येतो. पण मी पुढे नाही बसणार.”

तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. तिच्या मनात चित्र वेगळंच होतं. बाबा पुढे, काचेसमोर, आणि ती त्यांना एकेक वळण दाखवतेय. शनिवारी ते खरोखरच मागे बसले. मांडीवर बाजूची उशी घेऊन, खिडकीपासून लांब, सीटच्या मधोमध.

रस्त्याची पार रया गेली होती. डांबर जागोजाग उखडून खालची खडी वर आली होती. खड्डे बुजवायला टाकलेला मुरूम चाकांनी उडून कडेला गेला होता, आणि कडेचा ढीग आणि मधला खड्डा दोन्ही चुकवत गाडी दारू प्यायल्यासारखी चालत होती. कमानीची ती झाडं अर्धीअधिक तोडलेली. उरलेल्यांच्या बुंध्यांवर पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे पोपडे. समोरून ट्रक आला की कुणी बाजूला व्हायचं यावर डोळ्यांनीच भांडण होई. ती तरीही खुशीत होती. कठडा फुटलेला तो पूल दिसला आणि तिला बोचकं घ्यायला उभा असलेला कुणाचा तरी भाऊ दिसला. शाळेची ती बैठी इमारत दिसली, जिथे एक मास्तरीणबाई रोज उतरायच्या आणि उतरताना इंजिनवर बसलेल्या दोघींच्या डोक्यावर छत्रीची मूठ हलकेच टेकवून जायच्या. त्या मुठीचा गार स्पर्श तिला डोक्यावर आत्ता जाणवला. “बाबा, त्या छत्रीवाल्या बाई आठवतात?” “हं,” बाबा मागून म्हणाले. “बाबा, इथे ते पेरू विकणारं नवरा-बायकोचं जोडपं बसायचं ना, एकमेकांशी भांडत?” “समोर बघ,” बाबा म्हणाले.

घोड्याच्या नालेवर तिने गाडी कडेला घेतली. तिथे एक जरा रुंद जागा होती, कठडा मात्र पडलेला. ती उतरून टोकाशी गेली. खाली दरी, दरीत एक नदी, तिच्या वाळूत ऊन. वारा इतका ओळखीचा होता की तिचे डोळे भरून आले. मनात म्हणाली, हे सोडून लोकांना बोगद्यातून न्यायचं? दिव्यांच्या पिवळ्या उजेडातून? “बाबा,” तिने हाक मारली, “उतरा ना. बघा तरी.”

“बघितलंय.”

ती परत आली. बाबांनी उशी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. काच खाली घेतलेली होती, गार वारा आत येत होता, तरी घाम. ती घाबरली. “काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“काही होत नाही. इथे असंच व्हायचं.” त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. “गाडी घाटाला लागली की माझ्या तोंडाला कोरड पडायची. रोज. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत.”

“तुम्हाला? घाटाची भीती वाटायची?”

“सावकाश नाव काय उगीच पडलं?” बाबा हसले, पण ते हसू तोंडाबाहेर आलं नाही. “माझ्या पुढची गाडी गेली होती एकदा खाली. याच्या पुढच्या वळणाला. तू अंगावर पीत होतीस तेव्हा. दुसऱ्या दिवशी मला तीच फेरी होती. गेलो. काय करणार? मागची माणसं आपल्या पाठीकडे बघून बसलेली असतात. पाठ हलली की त्यांना कळतं.”

ती कारच्या दाराला धरून उभी होती. मग तिने जे विचारायला नको होतं तेच विचारलं. “मग आम्हा दोघींना कशाला आणायचात? शेजारी कशाला बसवायचात?”

बाबांनी बाहेर पाहिलं, दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला. “तुम्ही शेजारी असलात की हात कापायचे नाहीत,” ते म्हणाले. “तू टक लावून माझ्या हातांकडेच बघायचीस ना.”

उरलेला घाट तिने उतरला तो कसा, तिला नीट आठवत नाही. वळणं येत होती, जात होती. नाक, कोपर, ‘अरे बापरे’. समोरच्या काचेत आभाळ आलं तेव्हा तिने चाक फिरवलं आणि पहिल्यांदाच तिला कळलं की आभाळ दिसतं म्हणजे रस्ता दिसत नाही. इतकी वर्षं ती आठवण तिने अंगावर घेऊन निजायच्या गोधडीसारखी वापरली होती. नोकरीत अपमान झाला, लग्न ठरता ठरता मोडलं, आई गेली, की ती मनाने त्या उबदार झाकणावर जाऊन बसे. ती ऊब खरीच होती. पण त्या उबेच्या एक हात पलीकडे एक माणूस कोरड्या तोंडाने बसलेला होता आणि आपल्या दोन पोरी त्याने काठीसारख्या धरल्या होत्या. तिला बाबांचा राग आला नाही. उलट असं वाटलं की त्या वयात, त्या घोंगडीवर, काहीही न करता आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो. आयुष्यात त्यानंतर एवढं नेमकं उपयोगी पडल्याचं तिला आठवेना.

ताईचं घर गावात रस्त्यालाच लागून होतं. खाली भाऊजींचं टायरचं दुकान, मागे आणि वर बिऱ्हाड. जेवणं झाल्यावर बाबा आतल्या खोलीत आडवे झाले. तिने टेबलावरची भांडी सरकवून नकाशा पसरला आणि दोन्ही पर्याय सांगितले. रस्ता रुंद झाला तर ही दुकानांची ओळ जाईल, मोबदला मिळेल, पण गाव रस्त्यावर राहील. नवा झाला तर घर राहील, पण गाड्या शेतांपलीकडून निघून जातील. बाहेरून एक ट्रक गेला. कपाटातले पेले किणकिणले आणि ट्रक लांब जाईपर्यंत तिघंही आपोआप गप्प राहिली, पुन्हा बोलायला लागली.

“हे बघ,” ताई म्हणाली, “बोलता बोलता असं थांबायची आम्हाला सवय झालीय. आमची भांडणंसुद्धा अर्धी राहतात.”

“ताई, थट्टा नको. तुला काय हवंय?”

“मला विचारतेस? मी काय इंजिनिअर आहे?” पण तिने नकाशाकडे पाहिलं. बोट ठेवून आपलं घर शोधलं, मग लाल रेघ. “तुला हा रस्ता आवडतो, कारण तू इथून गेलीस. मी राहिले. शाळेची गाडी गावात येईनाशी झालीय खड्ड्यांपायी. पोरं फाट्यापर्यंत चालत जातात आणि ट्रकची धूळ खातात. तुझा मोठा रस्ता ने तिकडून. न्यायलाच हवा. पण मग आम्हाला विसरू नका. हा आमच्यापुरता नीट करून द्या. आम्हाला काही उडायचं नाहीये, चालायचंय.”

“आणि दुकान?” तिने भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी मितभाषी माणूस. “माझा धंदा खड्ड्यांवरच चालतो,” ते म्हणाले, “पण परवा मीच स्कूटरवरून आपटलो. आता स्वतःलाच गिऱ्हाईक म्हणून किती दिवस धरायचं?” ताईला हसू आवरेना. मग ती उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि परत येऊन हळूच म्हणाली, “बाबा जागेच आहेत. घाटातून आले की त्यांना झोप लागत नाही. आपल्या लहानपणीही तसंच होतं. तू झोपून जायचीस, तुला काय माहीत?”

सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक झाली. जेवणाच्या सुट्टीत आखलेला पर्याय तिच्या पिशवीत होता. तो तिने बाहेर काढला नाही. बोगद्याचा आराखडा तिने मांडला, साहेब खूश झाले. मग ती म्हणाली, “एक राहिलं. काम चालू असताना आपल्या खडीच्या, सिमेंटच्या गाड्या त्या जुन्या रस्त्यानेच जाणार. आत्ताच तो मोडलाय. आपण त्याचा पार चेंदामेंदा करणार. तो पुन्हा बांधून देणं आपल्याच कामात धरायला हवं.”

“तो आपल्या खात्याचा नाही,” साहेब म्हणाले. “जिल्ह्याचा आहे.”

“मोडायला आपला आणि बांधायला जिल्ह्याचा?”

“तुम्ही आज तलवार घेऊन आलात की काय?” साहेबांनी रेघोट्यांकडे पाहिलं. रेघोटे छताकडे पाहत होते. बरीच घासाघीस झाली. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला सरळ रेघा आवडत. शेवटी गावापासून नव्या रस्त्याच्या फाट्यापर्यंतचा भाग पुन्हा बांधून द्यायचं ठरलं. घाटाचं मात्र त्याने ऐकलं नाही. “बोगदा झाल्यावर घाटात जाणार कोण? तो बंद. वनखात्याला देऊन टाकू.” आपण यासाठी भांडायला हवं असं तिला वाटलं, आणि आपण भांडणार नाही हेही. खोलीबाहेर आल्यावर रेघोटे म्हणाले, “मॅडम, जेवढं मिळालं तेवढं पुष्कळ.” त्यावर ती “हो” म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही.

रस्ता व्हायला वर्षं लागली. रेघोटे निवृत्त झाले. मोठे साहेब बदलून गेले. घाटाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडसर बसले आणि पुढल्याच वर्षी, ताईने फोनवर सांगितलं, पडक्या कठड्यातून झुडपं रस्त्यावर आली. गावातला भाग मात्र खरंच नीट बांधला गेला. महामार्ग खुला झाल्यावर एका रविवारी ती बाबांना घेऊन निघाली. बाबा आता फार थकले होते. बाल्कनीतही ऐकत नसत, नुसते बसत. तिने त्यांना पुढे बसवलं आणि त्यांनी काही म्हटलं नाही.

रस्ता सपाट होता. चाकांचा आवाज एकसारखा, उकळी फुटण्याआधीच्या पाण्यासारखा. बोगद्याचं तोंड आलं तेव्हा तिचं मन जड झालं. पिवळे दिवे एकामागून एक काचेवरून सरकू लागले. आपल्या डोक्यावर आत्ता नाक असेल, तिला वाटलं, आता कोपर. वर कुठेतरी वारा सुटला असेल आणि बघायला कुणी नसेल. बाबांना सांगावं म्हणून तिने मान वळवली. बाबा झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे, बोटं सैल, आणि घशातून बारीक घोरणं. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाही असं ते सांगत. ती त्यांच्याकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. बोगदा संपला, ऊन आलं, त्यांच्या पापण्या हलल्यासुद्धा नाहीत.

ताईच्या गावाचा फाटा आला. उतरायचं तर वेग कमी करून मोठा वळसा घ्यावा लागणार होता, आणि वळणावर बाबा नक्की जागे झाले असते. तिने पाटी पाहिली, पाटी मागे गेली. थोड्या वेळाने फोन वाजला. तिने तो पटकन उचलून कानाला लावला.

“अगं, कुठे आहात?” ताई म्हणाली. “मी पानं मांडून बसलेय.”

“फाटा मागे गेला.”

“मागे गेला म्हणजे? तूच केलास ना तो रस्ता? चुकलीस?”

“नाही,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली. “बाबा झोपलेत.”

पलीकडे ताईनेही आवाज खाली आणला. मग म्हणाली, “घोरतायत?”

“हो.”

“ऐकव.”

तिने फोन त्यांच्याजवळ धरला. दोघी बहिणी ऐकत राहिल्या. मग ताई म्हणाली, “जा तशीच. अन्न पुन्हा गरम करता येतं,” आणि तिने फोन ठेवला. पुढे राज्याची हद्द होती. बाबांची बस आयुष्यभर हद्दीच्या अलीकडच्या गावातून परत फिरायची. पलीकडे काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचं आहे असंही कधी म्हटलं नव्हतं. निळ्या पाटीवर दुसऱ्या राज्याने स्वागत केलं होतं. तिने वेग तसाच ठेवला, पाटी डोक्यावरून गेली, आणि दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं सुरू झाली.